भिंगाखाली कार्ड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

खेळाडूंच्या कार्डांच्या छंदाविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न इथे थोडे संक्षिप्त करून घेतले आहेत. ‘याचे किती येतील?’ हे जवळजवळ प्रत्येकाने विचारले आहे. भाव महिन्यागणिक हलतात, त्यामुळे आकडे छापण्यात अर्थ नाही. भाव कशाने चढतो-उतरतो, ते मात्र सांगता येते.

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला गेला. त्याची क्रिकेट अटॅक्स या खेळाची तीन-चारशे कार्डे बुटांच्या खोक्यात आहेत, काही गठ्ठे रबरबँड लावलेले. रद्दीत द्यावीत का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : रद्दीवाला कुठे जात नाही, घाई करू नका. पहिले काम रबरबँडचे. ते ओढू नका, कात्रीने कापा. जुने रबर उन्हाळ्यात चिकट होऊन कार्डाला धरते आणि ओढले की छपाईचा थर सोबत घेऊन निघते. कापल्यावरही एखादा तुकडा चिकटून राहिला तर राहू द्या, नखाने खरवडू नका.

मग हंगामानुसार ढीग करा. वर्ष कळायला कार्डाच्या मागची अगदी बारीक अक्षरांतली हक्कांची (कॉपीराइटची) ओळ पाहा. प्रत्येक ढीग क्रमांकाने लावा. साध्या कार्डांना सुटे फारसे कोणी विचारत नाही, पण एखाद्या हंगामाचा संच पूर्ण निघाला तर घेणारा भेटतो. चकचकीत, सोनेरी-रुपेरी कार्डे आणि सुरुवातीच्या हंगामांतले कोहलीसारखे खेळाडू वेगळे काढा. ही कार्डे मुळात खेळण्यासाठी काढलेली, मुलांनी फरशीवर आपटलेली, म्हणून कोऱ्या कडांचे कार्ड दुर्मीळ असते. निवडलेल्या वीस-पंचवीस कार्डांना पातळ पाकिटे घाला. बाकीची खोक्यात उभी ठेवा आणि रिकाम्या जागेत पुठ्ठा सारा, नाहीतर ती तिरपी होऊन वाकतात.

प्रश्न : माझी क्रोम कार्डे जुलै लागला की वाकतात, दोन्ही बाजूंच्या कडा वर येतात. जाड पुस्तकाखाली दाबली तर एका कार्डावर रेघ उमटली. काय करावे?
— राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : क्रोम किंवा फॉइलच्या कार्डात दर्शनी बाजूला चकचकीत थर आणि त्यामागे कागदी पुठ्ठा असतो. पावसाळ्यात कागद ओल पिऊन फुगतो, चकचकीत थर फुगत नाही, म्हणून कार्ड चित्राच्या बाजूला वळते. कोरड्या हवेत कागद आक्रसतो आणि तेच कार्ड उलट दिशेला, पाठीकडे वळते. कडा कुठे वळल्या हे पाहिले की हवा दमट होती की कोरडी ते कळते. तुमच्या कडा वर आल्या, म्हणजे ओल.

सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. रबरी किनारीचा, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि पाच लिटरच्या डब्याला पन्नासेक ग्रॅम सिलिका जेल पुरचुंडीत बांधून टाका. इथेच बहुतेकांचे बिघडते: जेल टाकून लोक निश्चिंत होतात, काटा २५ वर येतो आणि कार्डे उलटी वळतात. काटा ४५ च्या खाली गेला की पुरचुंडी काढा. ४९ टक्क्यांची दुहेरी पाकिटे मिळतात, ती ओल घेतातही आणि सोडतातही. महाग पडतात, पण पहारा करावा लागत नाही.

वाकलेले कार्ड सरळ करायचे तर आधी पाकिटात, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या खोळीत घाला. असे टॉपलोडर दोन काचांच्या किंवा सपाट फळ्यांच्या मध्ये ठेवून वर किलो-दीड किलो वजन सारखे पसरवा आणि सगळे त्याच डब्यात दोन-तीन आठवडे राहू द्या. ओल उतरल्यावाचून वजन काही करत नाही. तुमची रेघ उघड्या कार्डावर पुस्तकाची कड किंवा बांधणीचा उंचवटा दाबला गेल्याने आली. ती जात नाही. इस्त्री, ऊन, केस वाळवायचे यंत्र यांपैकी काहीही वापरू नका.

इंदूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. एप्रिल-मे कोरडे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण घरात पाण्याचा कूलर चालू असेल तर त्या खोलीची हवा पावसाळ्याइतकी दमट होऊ शकते. कार्डांचे कपाट कूलरच्या झोतात नको, बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको. त्या कपाटात डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ पॉलिस्टायरीनसारख्या प्लॅस्टिकच्या डब्या मऊ करते.

प्रश्न : एक चांगले रुकी कार्ड (खेळाडूचे पहिल्या हंगामातले) अमेरिकेत ग्रेडिंगला पाठवायचे आहे. १० मिळेल का, हे आधी घरी कसे ओळखावे? खर्च वसूल होईल का?
— ग्वाल्हेरचा एक विद्यार्थी

उत्तर : ग्रेडिंग म्हणजे कंपनीने कार्ड तपासून त्याला १० पैकी गुण देणे आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करणे. पीएसए, बेकेट, एसजीसी या साऱ्या ग्रेडिंग कंपन्या चारच गोष्टी पाहतात: पृष्ठभाग, कोपरे, कडा आणि सेंटरिंग, म्हणजे चित्र कार्डाच्या किती मध्यभागी छापले आहे ते. बेकेट या चारांचे वेगळे गुणही लेबलवर देते.

सुरुवात पृष्ठभागापासून करा, कारण आशा तिथेच जास्त मोडते. खोली अंधारी करा, टेबललॅम्प एका बाजूला ठेवा आणि कार्ड कडेने धरून हळूहळू तिरके फिरवा. समोरच्या उजेडात न दिसणारे ओरखडे, छपाईच्या उभ्या बारीक रेघा, खळगे आणि बोटांचे ठसे तिरक्या उजेडात उठून दिसतात. ठसा असेल तर कोरडे, स्वच्छ मायक्रोफायबर कापड अलगद फिरवा. पाणी, स्पिरिट, मेण काही नको. रसायनाने पुसलेले, कड कापून सरळ केलेले किंवा रंगाने भरलेले कार्ड पकडले गेले की त्याला आकडा मिळत नाही, ‘बदल केलेले’ हा शेरा मिळतो.

कोपरे आणि कडांसाठी १० पट मोठे दाखवणारे भिंग हवे, जवाहिरे वापरतात तेच. कोणाला इंदूरहून आणायला सांगणार असाल तर सराफ्यात जवाहिऱ्यांची साधने विकणाऱ्यांकडे विचारायला सांगा, आणि दिवसा जायला सांगा, रात्री तिथे फक्त खाणे होते! भिंगाखाली आठही कोपरे पाहा, पुढचे चार आणि मागचे चार. गडद रंगाच्या पाठीवर पांढरा ठिपका सहज सापडतो, पांढऱ्या पाठीवरचा सुटतो.

सेंटरिंगला डिजिटल कॅलिपर चांगला, नसेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पट्टी चालेल. डावा काठ ३ मिमी आणि उजवा २ मिमी असेल तर प्रमाण ६०/४०. पीएसएच्या १० साठी पुढच्या बाजूला साधारण ५५/४५ आणि मागे ७५/२५ च्या आत बसावे लागते. दोन्ही काठ मिळून ५ मिमी असतील तर दोहोंतला फरक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त नको. डावे-उजवे मोजून लोक थांबतात. वर-खालीही मोजा.

आता हिशेब. समजा कार्ड बिनग्रेडचे ३,००० ला जाते, ९ मिळाल्यास ४,००० ला आणि १० मिळाल्यास ९,००० ला. फी, जाण्या-येण्याचे कुरिअर, विमा आणि सीमाशुल्क मिळून ३,५०० धरा. १० आला तर हातात ५,५०० उरतात, म्हणजे तसेच विकण्यापेक्षा २,५०० जास्त. ९ आला तर हातात ५०० उरतात, म्हणजे २,५०० कमी. दोनातून एकदा १० येणार असेल तर तुम्ही कुठे बरोबरीत, आणि ८ आला तर त्याहून वाईट. कोणत्या कार्डाला किती १० मिळाले, त्याची यादी ग्रेडिंग कंपन्या संकेतस्थळावर देतात. तीत १० चे प्रमाण ४० टक्के दिसले तर स्वतःसाठी ते त्याहून कमीच धरा, कारण लोक आधी चाळून, उत्तमच कार्डे पाठवतात. आमचे मत विचाराल तर आपल्याकडून एकेकटे कार्ड पाठवणे क्वचितच परवडते. दहा-पंधरा जणांनी मिळून एक पार्सल केले तर कुरिअरचा भार वाटला जातो.

पाठवायचेच ठरले तर कार्ड पातळ पाकिटात, ते अर्धकडक ‘कार्ड सेव्हर’मध्ये. बाहेर काढायला सोपे जावे म्हणून पाकिटाच्या तोंडाशी चिकटचिठ्ठीची छोटी शेपटी ठेवा. गठ्ठा दोन पुठ्ठ्यांत घट्ट, पण दाब न देता बांधा. पाकिटाच्या तोंडाला टेप नको. जाहीर केलेल्या किमतीवरून फीचा वर्ग ठरतो. ग्रेडनंतर कार्डाची किंमत त्या वर्गाच्या वर गेली तर कंपनी फरक मागते, त्याची तयारी ठेवा.

प्रश्न : १९८६-८७ च्या फ्लीअर कंपनीच्या संचातले बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचे ५७ क्रमांकाचे कार्ड, पीएसए ८ च्या डबीत, बाजारभावाच्या निम्म्यात मिळते आहे. घ्यावे?
— मांडवी, वडोदरा

उत्तर : निम्म्या भावातच अर्धे उत्तर आहे. हे कार्ड नकलांसाठी बदनाम आहे. डबीवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासाच, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण नकली डबीवर खऱ्या कार्डाचा क्रमांक छापलेला असू शकतो. तिथे फोटो असेल तर काठांची रुंदी आणि छपाईतला एखादा ठिपका तुमच्या कार्डाशी जुळवा. जुन्या डब्यांचे फोटो तिथे नसतातही. विक्रेत्याकडे डबीच्या चारही कडांचे जवळून फोटो मागा. उघडून पुन्हा चिकटवलेल्या डबीच्या सांध्यावर पांढुरका, खरबरीत पट्टा दिसतो.

भिंग लावायची संधी मिळाली तर काळी अक्षरे पाहा. अस्सल छपाईत ती सलग काळी असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरांच्या जागीही रंगीत ठिपके दिसतात. पैसे विक्री-संकेतस्थळाच्या बाहेर, थेट खात्यात मागितले तर विषय तिथेच संपवा.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत १९३० च्या दशकातली विलायती सिगारेट-कार्डे सापडली, क्रिकेटपटूंची. पाच-सहा एकमेकांना चिकटली आहेत. पाण्यात भिजवून सुटतील का?
— स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : भिजवू नका. त्या दशकातल्या अनेक संचांच्या पाठीला डिंक असे, वहीत चिकटवता यावीत म्हणून. तुमच्या ट्रंकेतल्या ओलीने तोच डिंक जागा झाला. पाणी लावले तर तो पुढच्या कार्डाच्या चित्रात मुरेल. सुरी घालूनही पाहू नका. गठ्ठा कोरड्या डब्यात ठेवा आणि जुन्या कागदांचे जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

सुटी कार्डे मोजा. नेहमीचा आकार सुमारे ३६ × ६८ मिमी, म्हणजे आजच्या ६३.५ × ८८.९ मिमीच्या कार्डापेक्षा बराच लहान. मोठ्या पाकिटात घातली तर ती आत हलतात आणि कोपरे झिजतात, तेव्हा त्याच मापाची पाकिटे घ्या. अस्सलपणासाठी नोटा तपासायचा अतिनील दिवा अंधारात कार्डावर धरून पाहा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कागदात उजळवणारी रसायने नसत, म्हणून अस्सल कार्ड मंद दिसते. निळसर-पांढरे लखलखले तर ते नंतरचे पुनर्मुद्रण. विल्स या सिगारेट कंपनीचा १८९६ चा पन्नास कार्डांचा संच पुन्हा छापला गेला आहे, त्यामुळे तसले कार्ड हाती आले की आधी दिवा. दुलीपसिंहजींसारखे आपल्या ओळखीचे नाव सापडले तर ते कार्ड विकण्याआधी दोन ठिकाणी भाव विचारा.

प्रश्न : कार्डांच्या पाकिटांचा बंद बॉक्स घ्यावा की सुटे कार्ड? आणि परदेशी मित्राने ‘गिफ्ट’ लिहून पाठवले तर शुल्क वाचते का?
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर : हवे ते कार्ड ठरलेले असेल तर सुटेच घ्या. बॉक्स फोडणे ही मजा आहे, तिची किंमत मजा म्हणूनच मोजा. बॉक्सबाहेरची सुटी, न फोडलेली पाकिटे सर्वांत धोक्याची: जर्सीचा तुकडा असलेले कार्ड जाड असल्याने तसे पाकीट बोटांनाही जाणवते, आणि उघड्या बॉक्समधून विक्रेता चांगली आधीच काढून घेऊ शकतो. सुट्या कार्डाचा भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेला आकडा सोडा, ईबेवर ‘विकलेले’ गाळून शेवटच्या पाच-सहा विक्री पाहा.

‘गिफ्ट’ लिहून काही वाचत नाही, डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता भेटवस्तूंची सवलत बंद आहे. खरी किंमत लिहायला सांगा, बिलाची प्रत आणि आपले ओळखपत्र कुरिअरला वेळेत द्या. किंमत कमी दाखवली आणि पार्सल गहाळ झाले तर भरपाईही तेवढीच मिळते. टॉपलोडर मागवताना जाडी विचारा: एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा पुरतो, जर्सीच्या कार्डाला १३० किंवा १८० लागतो. ३५ मध्ये जाड कार्ड कोंबले तर पहिल्याच खेपेला कोपरा जातो.