मुलगी नववीत जातेय, शाळा म्हणते संस्कृत किंवा फ्रेंच घ्या. जास्त स्कोरिंग कुठलं आणि पुढे उपयोग कशाचा?

स्कोरिंग वाचलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर अशा प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही. दोन्ही स्कोरिंग आहेत. घोकलं की दोन्हीत नव्वदच्या वर पडतात. झालं, अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आता माझं ऐका.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. नववीत मी फ्रेंच घेतलं तेव्हा घरात महाभारत झालं, कारण आमचे थोरले काका त्यांच्या काळी संस्कृतात शाळेत पहिले आलेले आणि ते त्यांनी आम्हाला कधी विसरू दिलं नाही. "फ्रेंच घेऊन काय पॅरिसला जाणारेस? रामः रामौ रामाः घोक, मार्क कुठे जात नाहीत." आणि हेच काका रोज संध्याकाळी अरविंद निवासात, म्हणजे योगी अरविंद घोष बडोद्यात राहायचे त्या घरात, जाऊन बसायचे! ते आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. अरविंदबाबू १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, सयाजीरावांच्या नोकरीत, बडोदा कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवलं तसं फ्रेंचही शिकवलं, आणि संस्कृतही इथेच बसून वाचलं. म्हणजे काका ज्यांच्या फोटोला रोज हात जोडायचे त्यांना हे संस्कृत की फ्रेंच भांडण कळलंच नसतं. मी हे तेव्हा तोंडावर बोलले होते, त्यावर उत्तर मिळालं की तोंड फार चालतं हिचं.

बरं, शाळेत काय झालं ते सांगते. फ्रेंचच्या मॅडम दिवाळीनंतर सोडून गेल्या, मग लायब्ररीचे सर गाइड घेऊन यायचे आणि फळ्यावर उत्तरं उतरवून द्यायचे. पेपर कसा असतो माहितीये ना, एक उतारा, एक पत्र, एक छोटा निरोप, उलटसुलट संवाद क्रमाने लावा, व्याकरण आणि शेवटी संस्कृती. पत्रं आम्ही पाठच केलेली, मैत्रिणीला वाढदिवसाचं बोलावणं, सुट्टीत काय केलं, वगैरे. संस्कृतीत फ्रान्समधल्या चीजची नावं लिहा असं यायचं. कामांबेर, ब्री, रोकफोर, धडाधड लिहायचो. अख्ख्या वर्गाने आयुष्यात अमूलचा क्यूब सोडून दुसरं चीज पाहिलेलं नव्हतं, आणि रोकफोर मेंढीच्या दुधाचं असतं हे सरांना पण माहीत नसणार, कारण विचारलं असतं तरी ते गाइडमध्ये नव्हतं. दोन वर्षांत एकदाही कोणी आम्हाला तोंड उघडायला लावलं नाही. मार्क मात्र असे की शाळेच्या बोर्डावर नाव लागलं.

दहावीनंतरच्या सुट्टीत पाँडिचेरीहून एक वयस्कर फ्रेंच बाई अरविंद निवासात आल्या. काका त्यांना चहाला घरी घेऊन आले आणि सगळ्यांसमोर मला पुढे ढकललं, "आमची पुतणी बोर्डात आलीये फ्रेंचमध्ये. बोल गं, लाजतेस काय." मी बोंझूर मादाम म्हटलं. बाई इतक्या खूश झाल्या की भराभर काहीतरी विचारायला लागल्या, आणि माझ्या डोक्यात ना क्रियापद ना काही, फक्त ते पत्र. तर मी तेच सुरू केलं, ज तँव्हित आ मों आनिव्हेर्सेर, माझ्या वाढदिवसाला ये. बाईंनी हसून इंग्रजीत विचारलं, "व्हेन?"

काकांना काय, दिवाळीच. "बघा, म्हणून सांगत होतो संस्कृत घे." पण पुढचं कोणी सांगत नाही ते मी इथे लिहून ठेवते. त्या बाई पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात संस्कृत शिकलेल्या. त्यांनी काकांकडे वळून अगदी सावकाश विचारलं, भवतः नाम किम्? आणि आमचे संस्कृतात पहिले आलेले काका म्हणतात, "जी, जी, नमस्ते, बैठिए, चाय लेंगी?" नाव विचारलं होतं हो फक्त! आजही घरात मुंज असो, गणपती असो, वाढदिवसाच्या आमंत्रणाचा किस्सा निघतोच, आणि काकांचा चहा मात्र सगळे सोयीस्कर विसरलेत.

त्यानंतर मी इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स फॅकल्टीत फ्रेंचच्या क्लासला जायला लागले, तीच ती गोलघुमटासारख्या मोठ्या घुमटाची, मूळ बडोदा कॉलेजची इमारत. पहिल्याच तासाला वह्या बंद करायला लावल्या आणि शेजारच्याला नाव, गाव, सकाळी काय खाल्लं ते विचारायला सांगितलं. शेव-उसळ फ्रेंचमध्ये कशी समजवायची यावर आमची अर्धी तासिका गेली, पण त्या अर्ध्या तासात मी शाळेतल्या दोन वर्षांपेक्षा जास्त बोलले. आता मी स्वतः फ्रेंचच्या ट्यूशन घेते आणि दर जूनमध्ये माझ्याकडे तीच पोरं येतात, पत्र पाठ, तोंड बंद.

म्हणून भाषा कुठली ते नंतर बघा, आधी शाळेत जाऊन शिकवणारी व्यक्ती बघा. पर्मनंट आहे की तासावर येते, गेल्या वर्षी तीच होती का, वर्गात मुलं बोलतात का. जमलं तर नववीच्या एखाद्या मुलाला गेटवर पकडून त्या भाषेत नाव विचारा, दहा सेकंदात सगळं कळतं. आणि नववीत घेतलेली भाषाच दहावीला न्यायची असते हे धरून चाला, मधे बदलायला बोर्ड सहसा देत नाही. फ्रेंच दिलंत तर शाळेच्या मार्कांबरोबर डेल्फची, म्हणजे फ्रान्स सरकारच्या फ्रेंच भाषेच्या सर्टिफिकेटची, शाळकरी मुलांची परीक्षा द्यायला लावा, ए-वन किंवा ए-टू, म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या. त्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी २५ मार्क, पास व्हायला ५० लागतात आणि कुठल्याही एकात ५ च्या खाली गेलात तर नापास. म्हणजे बोलण्याला दांडी मारून निभत नाही. सर्टिफिकेट जन्मभर चालतं.

उपयोग विचाराल तर नोकरीच्या नावाने नववीत भाषा निवडू नका. इथे सगळे सांगतात बडोद्याजवळच्या सावली गावात अल्स्टॉम मेट्रोचे डबे बनवते, फ्रेंच कंपनी आहे, फ्रेंच घ्या. अहो, शॉप फ्लोअरवर गुजराती आणि हिंदी चालते, मेल इंग्रजीत. जर्मनीचं पण तेच, सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नाही हे खरं, पण जर्मनमधून बॅचलर करायचं तर साधारण सी-वन, म्हणजे वरून दुसरी पातळी, लागतं आणि आपल्या बारावीनंतर बहुतेकांना आधी तिथलं तयारीचं वर्ष करावं लागतं. शाळेतली भाषा तिथवर पोचवत नाही, फार तर सुरुवात सोपी करते.

एक राहिलं, शाळेला हेही स्पष्ट विचारा की फ्रेंच दहावीपर्यंत चालू राहणार का. एनईपी २०२०, म्हणजे नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे तीन भाषांपैकी निदान दोन भारतीय हव्यात, त्यामुळे इंग्रजी धरली की फ्रेंचला जागा कमीच उरते. २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून असलेलं जर्मन वर्षाच्या मधेच काढून संस्कृत आणलं होतं, तेव्हा पोरांची काय धांदल उडाली ते आठवत असेल. आणि हो, तुमच्या शाळेत संस्कृतच्या बाई चांगल्या असतील, वर्गात संस्कृत बोलून घेत असतील, तर डोळे मिटून संस्कृत द्या, माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण संस्कृतशी कधीच नव्हतं.

काकांचं म्हणाल तर त्यांनी आता नातवाला स्पॅनिश घ्यायला लावलंय. का, तर २०२४ मध्ये स्पेनचे पंतप्रधान बडोद्यात येऊन सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन करून गेले. पोराला शिकवायला कोण आहे विचारलं तर म्हणे अजून कोणी नाही, शाळा शोधतेय.