पॅरोक्सेटिन बंद केल्यावर डोक्यात करंट का बसतोय?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षं रोज २० मिलिग्रॅम पॅरोक्सेटिन, म्हणजे नैराश्य-चिंतेवरची गोळी, घेत होता, बरं वाटू लागलं म्हणून पाच दिवसांपूर्वी एकदम बंद केलं, आणि आता डोळे बाजूला फिरवले की डोक्यात करंट बसतो. मेंदूला इजा झाली का, असं विचारलंय. तुम्ही सांगताय ते या गोळ्या अचानक सोडल्यावर येणारं अगदी ओळखीचं लक्षण आहे. त्यामुळे मेंदूला इजा होते असा पुरावा नाही. घाबरू नका, पण अंगावरही काढू नका. ज्यांनी गोळी लिहून दिली त्या डॉक्टरांना आजच फोन करा.

मी कोल्हापूरजवळच्या चिखलीचा. माझी गोळी वेनलाफॅक्सिन होती, तीही नैराश्यावरचीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गावात शिरलं आणि आम्हाला बोटीतून बाहेर काढलं, तेव्हा गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही घरातच राहिलं. दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. ओल्या स्विचला बोट लागावं तसा झटका, पण डोक्याच्या आत, क्षणभर, आणि त्यासोबत कानात सर्र असा आवाज. नजर डावीकडून उजवीकडे नेली की हमखास. शिवाय चक्कर, मळमळ, रात्री भलतीसलती स्वप्नं, आणि कारण नसताना रडू. नातेवाईक म्हणाले, पुराचा धसका घेतलाय. डॉक्टरांशी बोलणं झाल्यावर गोळी परत चालू केली, आणि एक-दोन दिवसांत झटके थांबले.

झटके नेमके कसे तयार होतात हे विज्ञानालाही अजून पुरतं उलगडलेलं नाही. मात्र औषध शरीरातून जितकं झपाट्याने उतरतं तितका त्रास जास्त, हे दिसून आलंय. वेनलाफॅक्सिनचं रक्तातलं प्रमाण साधारण ५ तासांत निम्मं होतं, पॅरोक्सेटिनचं साधारण २१ तासांत. फ्लुओक्सेटिन या तशाच औषधाला त्यासाठी काही दिवस लागतात, म्हणून ते सोडताना तुलनेने कमी त्रास होतो.

जुना आजार परतला, असं घरचे म्हणतील. फरक ओळखता येतो. आजार उलटायला सहसा काही आठवडे किंवा महिने जातात. हा त्रास चार-पाच दिवसांत उठतो, आणि करंट, चक्कर अशी लक्षणं तुमच्या मूळ आजारात नव्हतीच. गोळी पुन्हा घेतल्यावर झटपट उतार पडला, तर ती आणखी एक खूण. ‘गोळ्यांची सवय लागली’ असंही ऐकावं लागेल. दारूसारखी ओढ इथे नसते. शरीर औषधाशी जुळवून घेतं आणि ते अचानक काढलं की गडबडतं, एवढंच. हे ऐकून लाज वाटून घेऊ नका, मला ती उगाच वाटली होती.

डॉक्टर बहुधा गोळी परत सुरू करून हळूहळू कमी करायला सांगतील. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो: शेवटचा टप्पा सर्वांत सावकाश घ्या. थोडं औषधही मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर बराच परिणाम करतं, म्हणून २० वरून १० वर येणं सोपं जातं आणि १० वरून शून्यावर येणं जड. माझं शेवटचं कमी करणं काही महिने चाललं. एक दिवसाआड गोळी घेण्याचा सल्ला कुणी दिला तर पॅरोक्सेटिनला तो चालत नाही, मधल्या दिवशी औषध उतरून तेच झटके येतात. गोळीवर ‘सीआर’ (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) लिहिलं असेल तर ती तोडू नका, कमी ताकदीची मागा.

तोवर दुचाकी चालवू नका. कोल्हापूरच्या तावडे हॉटेलच्या चौकात मान वळवताना झटका आला तर काय होईल, याचा विचार करा.

झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामही चालू असेल, तर ते स्वतःहून अजिबात थांबवू नका. ते अचानक सोडल्यावर खरोखर फिट येऊ शकते. शुद्ध हरपली किंवा हातपाय झाडले, तर तडक सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा दवाखाना गाठा. जीव नकोसा वाटला, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतूनही बोलता येतं.

फोन करताना डॉक्टरांना गोळीचं नाव, ताकद, शेवटची कधी घेतली ती तारीख, आणि सोबतची सगळी औषधं सांगा, आयुर्वेदिक असली तरी.