पार्किन्सन्सच्या रुग्णाला आराम द्यावा की व्यायाम?

आपण विचारले आहे की, ६८ वर्षांच्या वडिलांना नुकतेच पार्किन्सन्सचे निदान झाले असून डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर 'व्यायाम करा' एवढेच सांगितले आहे. तर व्यायामाने खरोखर फरक पडतो का, कोणता व्यायाम करावा, आणि घरातली मंडळी 'आता त्यांना आराम द्या' म्हणतात त्यांचे ऐकावे का. भावाच्या डोक्याला अपघातात मार लागला तेव्हा आरामच सांगितला होता, मग इथे उलटे का, असेही आपण विचारले आहे. घरच्या मंडळींचे ऐकू नये, हे उत्तर आधी देते. हाच वाद आमच्या घरात कित्येक वर्षे चालला आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे माहेर बडोद्याला दांडिया बाजारात. नाना तरुणपणी तिथल्याच जुम्मादादा व्यायाममंदिरात, म्हणजे प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात, मल्लखांब आणि लेझीम शिकलेले. पुढे प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये निवृत्तीपर्यंत सायकलने जाणारे. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला, अक्षर बारीक होत गेले, चालताना तो हात अंगाशी चिकटून राहू लागला, तेव्हा निदान झाले. लेव्होडोपाची (मेंदूत कमी पडणारे डोपामीन हे रसायन भरून काढणारी) गोळी सुरू झाल्यावर बराच फरक पडला आणि पहाटे कमाटी बागेत फिरण्याचा त्यांचा नेमही चालू राहिला.

मग एका संध्याकाळी ते पडले. झोपाळ्यावरून उठून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, माजघराच्या उंबऱ्यापाशी वळताना पडले आणि मनगट मोडले. माझा मोठा भाऊ पुण्याला असतो. तो दुसऱ्या दिवशी आला आणि त्याने फर्मान काढले की फिरणे बंद, जिना बंद, आंघोळीचे पाणीसुद्धा कोणीतरी काढून द्यायचे. 'या वयात कसला व्यायाम? आयुष्यभर केला तेवढा पुरे,' हे त्याचे शब्द होते. आईने ते मानले, कारण मुलाने प्रेमापोटी सांगितले होते. त्याच्या प्रेमाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्याचे म्हणणे मात्र मला तेव्हाही चुकीचे वाटले आणि आजही चुकीचेच वाटते.

नाना व्यायाम करताना पडलेच नव्हते. दुपारच्या गोळीचा असर उतरलेला होता आणि पुढची गोळी घ्यायची होती. या आजारात सरळ चालण्यापेक्षा वळणे अवघड असते, आणि दाराशी किंवा उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. चालण्यासारख्या सवयीच्या हालचाली मेंदूचा जो भाग आपल्या नकळत चालवतो तोच दुबळा झालेला असल्याने रुग्णाला प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावे लागते, आणि ते लक्ष तांब्यातले पाणी सांडू नये यात गेले की तोल जातो. झोपाळा तर हलते आसन. तो घरातून काढा असे मी आधीपासून सांगत होते. दादाने झोपाळा राहू दिला आणि बाग बंद केली.

पुढच्या काही महिन्यांत मनगट जुळले, पण नानांना आधाराशिवाय खुर्चीतून उठता येईना. बद्धकोष्ठ वाढले, आवाज इतका खाली गेला की फोनवर दादालाच त्यांचे बोलणे कळेनासे झाले, आणि माडीवरचा माणूस खालच्या खोलीचा कैदी झाला. सगळ्यांनी याला 'आजार वाढला' असे नाव दिले. माझ्या मते त्यातला मोठा वाटा आजाराचा नसून आरामाचा होता.

हे मी रागाने म्हणत नाही, त्याला आधार आहे. २००१ आणि २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या एका बाजूला पार्किन्सन्ससारखी इजा केली. ज्यांचा चांगला पाय बांधून दुबळा पाय वापरायला भाग पाडले, त्यांच्या डोपामीनची हानी कमी झाली. ज्यांचा दुबळा पायच वापरू दिला नाही, त्यांची इजा वाढली. उंदीर आणि माणूस एक नव्हेत, हे मान्य. म्हणून माणसांवरची चाचणी सांगते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत अद्याप गोळ्या सुरू न झालेल्या १२८ रुग्णांचे तीन गट केले होते. एक गट आठवड्यातून चार दिवस ट्रेडमिलवर नाडी कमाल गतीच्या ८० ते ८५ टक्क्यांवर नेऊन चालला, दुसरा ६० ते ६५ टक्क्यांवर, तिसरा नेहमीप्रमाणे राहिला. सहा महिन्यांनी हालचालींची लक्षणे मोजणाऱ्या गुणपट्टीवर तिसऱ्या गटाची स्थिती सुमारे ३ गुणांनी खालावली, तर जोरदार चालणाऱ्यांची जवळजवळ होती तशीच राहिली. मधल्या गटाला मात्र तसा स्पष्ट फायदा दिसला नाही. 'रोज थोडे फिरतात की' असे म्हणणाऱ्यांनी हा मधला गट ध्यानात ठेवावा. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील १३० रुग्णांच्या चाचणीत, घरी स्थिर सायकल चालवणारे आणि केवळ ताणाचे व्यायाम करणारे यांच्यात सहा महिन्यांनंतर सायकलवाल्यांच्या बाजूने सुमारे ४ गुणांचा फरक आढळला, आणि तोही गोळीचा असर नसताना मोजलेला.

आमच्याकडे बदल घडवला तो एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने. तिने नानांना सांगितले की तुम्हाला अवाजवी मोठी वाटेल इतकी मोठी हालचाल करा, इतका लांब हात फेका, इतके मोठे पाऊल टाका. कारण असे की या आजारात हालचालीचे माप मेंदूतच आकसते आणि रुग्णाला आपण पूर्ण पाऊल टाकले असेच वाटत राहते. याच तत्त्वावरची 'बिग' नावाची पद्धत आहे: चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस, प्रत्येक वेळी एक तास. बर्लिनमध्ये २०१० साली तिची तुलना काठ्या घेऊन चालण्याशी आणि घरी देखरेखीशिवाय करायच्या व्यायामाशी केली, तेव्हा 'बिग'च्या गटात सुमारे ५ गुणांची सुधारणा दिसली, इतर दोन्हींत ती दिसली नाही.

नानांनी आखाड्यात लेझीम केली आहे हे कळताच तिने ती शोधून काढायला लावली. बसून, मग उभे राहून, मग पुढे एक पाऊल टाकून, मोठ्याने आकडे म्हणत. ज्या माणसाचा आवाज ऐकू येत नव्हता तो ओट्यापर्यंत ऐकू येईल असे आकडे मोजू लागला. लेझीमबद्दलचा हा घरचा अनुभव आहे, चाचणीचा निष्कर्ष नव्हे. पण बाहेरून मिळणारी लय आणि जमिनीवरच्या रेषा यांनी अडकलेले पाऊल सुटते, हे चांगले अभ्यासलेले आहे. २००७ साली युरोपात १५३ रुग्णांच्या घरी जाऊन असा सराव घेतला, तेव्हा चाल सुधारली. सराव थांबल्यावर परिणाम ओसरलाही. आम्ही उंबऱ्याच्या अलीकडे रंगीत पट्ट्या चिकटवल्या आणि नाना त्या ओलांडत आत जाऊ लागले. त्यांची स्थिर सायकल पाहून दादाला आश्चर्य वाटले, कारण चालताना अडणारे पाय पेडलवर अडत नव्हते. डॉक्टरांना ही गोष्ट ठाऊक आहे. चालता न येणारा रुग्ण सायकल सहज चालवतो, याची नोंद नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केली होती.

दादा अजून म्हणतो की एवढे करूनही आजार वाढलाच, मग उपयोग काय झाला. आजार वाढला, हे खरे आहे. नाना आता वॉकर घेऊन चालतात. व्यायामाने पार्किन्सन्स बरा होतो असे मी कधीच म्हटले नव्हते. पण ते स्वतः उठतात, स्वतः न्हाणीघरात जातात, आणि जे महिने त्यांना बसवून ठेवले त्या महिन्यांत यातले काहीही होत नव्हते.

तुमच्या वडिलांचे निदान ताजे आहे, म्हणून दम लागेल असा एक व्यायाम (जलद चालणे किंवा स्थिर सायकल), मोठ्या हालचालींचा एक, आणि तोल सांभाळण्याचा एक, असे तिन्ही आत्ताच सुरू करा. तोलासाठी ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार) चांगली. २०१२ च्या १९५ रुग्णांच्या चाचणीत ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ती करणारे कमी वेळा पडले. व्यायामाची वेळ गोळीचा असर चढलेला असेल तेव्हाची ठेवा. २२० मधून वय वजा केले की कमाल नाडीचा ढोबळ अंदाज येतो. ६८ व्या वर्षी १५२, आणि त्याचे ८० टक्के म्हणजे सुमारे १२२. मात्र त्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारे औषध) चालू असेल तर नाडीचा हा हिशेब लागू पडत नाही, आणि उभे राहताच रक्तदाब उतरत असेल तर सुरुवात बसूनच करावी. पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्ट समोर हवा. व्हिडिओ पाहून एकट्याने तोलाचे व्यायाम करू नयेत.

तुमच्या भावाच्या बाबतीत तुम्ही विचारलेला फरक योग्य आहे. मेंदूला ताजी इजा झालेली असताना सुरुवातीची घाई नडू शकते. पक्षाघाताच्या २१०४ रुग्णांवरील २०१५ च्या चाचणीत, पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवून चालवलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा कमी चांगली निघाली. डोक्याला मार लागल्यावरही सुरुवातीचे एक-दोन दिवस विश्रांती देतात. पण अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवण्याची पद्धत मागे पडली आहे. खेळताना डोक्याला मार लागलेल्या १०३ किशोरवयीन मुलांच्या २०१९ च्या चाचणीत, लक्षणे बळावणार नाहीत इतपत हलका दमाचा व्यायाम केलेली मुले साधारण १३ दिवसांत बरी झाली आणि केवळ ताणाचे व्यायाम केलेल्यांना १७ दिवस लागले. तेव्हा दादाचा आरामाचा सल्ला ताज्या इजेच्या सुरुवातीच्या एक-दोन दिवसांपुरता बरोबर ठरतो, आणि तोही 'पूर्ण आराम' नव्हे. पार्किन्सन्समध्ये मेंदूतील पेशींचा ऱ्हास निदानाच्या कित्येक वर्षे आधी सुरू झालेला असतो, आणि अशा रुग्णाला बसवून ठेवायला त्यातून कोणताही आधार मिळत नाही.