इस्तंबूलला जायच्या आधी विजापूरला जाऊन या

अगं,

तुझा मेसेज आणि सोबतची शीट दोन्ही नीट वाचलं. चौघं मित्रमैत्रिणी, चार रात्री, पाठीवर सॅक, होस्टेलची डॉर्म, वाचूनच छान वाटलं, या वयात असंच फिरावं. पण त्या शीटमध्ये पहिल्या एका दिवसातच अकरा ठिकाणं टाकलीयत ना, ती बघून म्हटलं हिला जरा सविस्तर लिहायलाच पाहिजे.

अकरा ठिकाणं होतात गं, धावतपळत सगळं होतं, फोटोही येतात, पण परत आल्यावर कुठला घुमट कुठल्या मशिदीचा असं विचारलं तर चौघांची चार उत्तरं येतात. ३३० साली रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने इस्तंबूलला राजधानी आणली तेव्हापासून १९२३ मध्ये अंकारा राजधानी होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ सोळाशे वर्षं, हे शहर कुठल्या ना कुठल्या साम्राज्याचं मुख्य शहर होतं, त्यातलं चार दिवसात किती बघणार तुम्ही? म्हणून माझं ऐकशील तर दोनच गोष्टी धरा, घुमट आणि तट. बाकीचं शहर या दोन्हींच्या मधे आपोआप भेटत जातं.

आणि त्याची तयारी म्हणून जायच्या आधी एक वीकेंड काढून चौघं विजापूरला जाऊन या. सोलापूरपासून शंभरेक किलोमीटर, जाऊन येऊन फार खर्चही नाही. तिथे गोलघुमटाच्या मधोमध उभं राहून वर बघा आणि एवढा मोठा गोल चौकोनी भिंतींवर कसा बसवलाय ते शोधा, एकमेकांना छेदत जाणाऱ्या कमानी दिसतील, त्या चौकोनाला हळूहळू गोलाकडे नेतात. मग मुलुखमैदान तोफ बघा. ही तोफ १५४९ मध्ये आपल्या नगरला ओतलेली, आणि ओतणारा माणूस रूमी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या मुलखातून दख्खनमध्ये आलेला. नगरहून ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि तिथून विजापूरला आली. तिच्या तोंडाशी उभी राहिलीस की तुर्की तोफगारांना इकडचे सुलतान एवढा मान का देत होते ते कळतं, आणि इस्तंबूलच्या तटासमोर गेल्यावर हेच आठवणार आहे, म्हणून सांगतेय.

आता घुमट. पहिल्या दिवशी फक्त आयासोफ्या आणि सुलेमानिये, दोनच. आयासोफ्या मुळात चर्च, बायझंटाइन म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या जस्टिनियन बादशहाने ५३२ ते ५३७ अशी अवघ्या पाच वर्षात बांधून घेतली, आर्किटेक्ट दोघं, अँथेमियस आणि इसिडोर. घुमटाचा व्यास साधारण एकतीस मीटर, आपला गोलघुमट त्याच्यापेक्षा मोठा आहे पण तो अकराशे वर्षांनी नंतरचा. तिथे चौकोनावरून गोलावर जायची युक्ती वेगळी आहे, चार मोठ्या कमानी, त्यांच्या मधल्या कोपऱ्यात आतल्या बाजूने वळलेले त्रिकोण, आणि दोन बाजूंना टेकू द्यायला दोन अर्धे घुमट. घुमटाच्या पायाशी चाळीस खिडक्यांची रांग आहे, सकाळचं ऊन तिथून आत आलं की एवढं वजन कशावर उभंय तेच कळत नाही. पहिला घुमट जास्त चपटा होता, भूकंपांनी कमकुवत होऊन ५५८ मध्ये पडला, मग ५६२ पर्यंत आणखी उंच करून परत बांधला. नऊशे वर्षं चर्च, १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून म्युझियम, २०२० पासून परत मशीद. २०२४ च्या जानेवारीपासून परदेशी पर्यटकांना २५ युरोचं तिकीट आहे आणि फक्त वरच्या गॅलरीत सोडतात. महाग वाटेल, पण हे तिकीट काढाच, दुसरीकडे वाचवा. घुमटाच्या दुरुस्तीचं काम चालू आहे, मचाण दिसली तर वैतागू नका.

गॅलरीत सगळे मोझेकसमोर गर्दी करतात, ते आहेतच बघण्यासारखे, पण तू तिथल्या संगमरवरी कठड्याकडेही बघ. त्यावर उत्तरेकडून आलेल्या कोणा वायकिंग शिपायाने हजारेक वर्षांपूर्वी आपलं नाव कोरलंय, त्यातला हाल्फदान एवढाच भाग नीट लागतो. बारीक, झिजलेल्या रेघा आहेत, उजेड तिरका पडला तरच दिसतात. इथे कामाला आलेला, कंटाळलेला पोरगा असणार तो, आणि एवढ्या मोठ्या बादशाही इमारतीत मला सगळ्यात जवळचा तोच वाटतो.

तिथून निघालात की समोरची निळी मशीद बघून घ्या, १६१६ ची, सहा मिनार, आत जायला पैसे लागत नाहीत, फक्त नमाजाची वेळ टाळा. पण दुपारचा खरा वेळ सुलेमानियेला द्या. ऑटोमन दरबारचा आर्किटेक्ट मिमार सिनान याने ही मशीद १५५७ मध्ये पूर्ण केली आणि मांडणी मुद्दाम आयासोफ्याचीच घेतली, मधे मोठा घुमट आणि दोन बाजूंना अर्धे घुमट. घुमट आकाराने लहान आहे, पण आत उभं राहिल्यावर सगळी जागा एका नजरेत येते, आयासोफ्यात गूढ वाटतं आणि इथे एकदम मोकळं वाटतं, आणि एकाच दिवसात दोन्ही बघितल्याशिवाय हा फरक हाताला लागत नाही. सिनान सैन्यात घडलेला माणूस, पूल आणि कालवे बांधत बांधत पन्नाशीच्या आसपास मुख्य आर्किटेक्ट झाला आणि मरेपर्यंत म्हणजे १५८८ पर्यंत काम करत राहिला. सुलतान सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांच्या कबरी आवारातच आहेत. सिनानची स्वतःची कबर मात्र आवाराबाहेर रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे, साधी आणि छोटी, लोक बघतही नाहीत. तुम्ही बघा. मशिदीमागच्या कट्ट्यावरून गोल्डन हॉर्नची खाडी दिसते, तिथे बसून राहा, घाई कसली.

दुसरा दिवस तटाचा. हा दिवस बहुतेक पर्यटक घेतच नाहीत आणि तुम्ही सह्याद्रीत गड चढणारी पोरं, तुम्ही तो सोडलात तर मला खरंच वाईट वाटेल. मार्मारायच्या ट्रेनने काझ्लीचेश्मेला उतरा. ही ट्रेन बोस्फरसच्या सामुद्रधुनीखालून जाते आणि वाटेत येनीकापी लागतं, तिथे बोगद्याचं खोदकाम चालू असताना बायझंटाइन काळातलं अख्खं बंदर सापडलं, सदतीस जहाजांच्या सांगाड्यांसकट, आणि कामाचं वेळापत्रक कित्येक वर्षं लांबलं. काझ्लीचेश्मेहून येदिकुलेचा किल्ला जवळ आहे. तिथून तट मार्मारा समुद्रापासून वर गोल्डन हॉर्नपर्यंत साधारण सहा किलोमीटर जातो.

तुला तट, बुरूज, खंदक, दरवाजा वाचता येतात ना, मग इथे शिकवायला कोणी लागत नाही. पाचव्या शतकातलं काम आहे, आतला तट ४१३ मध्ये झाला. आधी खंदक, मग बाहेरचा तट, मग मोकळी पट्टी, मग आतला बारा मीटर उंच तट, बुरूज असे बसवलेत की बाहेरच्या दोन बुरुजांच्या मधल्या जागेवर आतला बुरूज डोकावतो. दगडाच्या थरांमधून लाल विटांचे पट्टे दिसतील, त्यांनी भिंत आतून बांधलेली राहते आणि भूकंपाचा हादरा सोसायला मदत होते असं म्हणतात. तरी ४४७ च्या भूकंपात बरेच बुरूज पडले आणि तिकडून हूणांचा राजा अटिला येत होता, तेव्हा रथशर्यतींच्या टीमचे पाठीराखे कामाला लावून दोन महिन्यात सगळं परत उभं केलं. येदिकुलेच्या बाजूला खंदकात काही ठिकाणी अजूनही भाजीचे वाफे आहेत, लेट्यूस, कांद्याची पात, मुळा. दीड हजार वर्षांच्या तटाला टेकून कोणी पाणी देत असतं, तिथे थांबा, हसून नमस्कार करा, फोटो विचारून काढा.

१४५३ मध्ये हा तट पडला तो तोफांमुळे. ऑर्बान नावाचा हंगेरियन तोफगार आधी आतल्या बादशहाकडेच गेला होता, त्याला पगार परवडेना, मग तो ऑटोमन सुलतानाकडे, म्हणजे दुसऱ्या मेहमदकडे गेला. एदिर्नेला ओतलेली तोफ बैल जुंपून इथवर ओढत आणली. वेढा ६ एप्रिलला सुरू झाला आणि २९ मेला शहर पडलं. मुलुखमैदान बघून आलेली असशील तर हे सगळं पुस्तकातलं राहत नाही, तो धातू हाताला लागलेला असतो.

चालताना दोन गोष्टी सांभाळा. तटाचे काही भाग एकदम निर्मनुष्य आहेत, म्हणून उजेडातच आणि चौघं मिळूनच चाला, पडक्या जिन्यांवर चढून रील काढायच्या भानगडीत पडू नका. आणि मॅपवर तोपकापी टाकलं तर तटाजवळचं ट्राम स्टेशन पण येतं आणि राजवाडा पण येतो, दोन्हीत चांगलं अंतर आहे, गोंधळ होतो. (राजवाडा मंगळवारी बंद असतो, ग्रँड बझार रविवारी, हे शीटमध्ये टाकून ठेव.) शेवटी एदिर्नेकापीला पोचलात की कारिये या जुन्या चर्चमधले चौदाव्या शतकातले मोझेक बघा, मग उताराने बालात आणि फेनेरच्या गल्ल्यांमधून खाली या. तिथे खाडीच्या काठावर बल्गेरियन लोकांचं अख्खं लोखंडाचं चर्च आहे, भाग व्हिएन्नाला बनवून जहाजाने आणलेले, १८९८ चं. धक्क्यावरून बोटीने परत. बोटी कमी असतात, टाइमटेबल आधी बघा.

राहायचं कुठे, तर सगळे आयासोफ्याजवळचं सुलतानअहमेत म्हणतील, मी कादिकॉय म्हणेन. आशियाच्या बाजूला आहे, खाणं स्वस्त, आजूबाजूला स्थानिक लोक, आणि रोज सकाळ-संध्याकाळ फेरीने जाणं-येणं होतं, वीसेक मिनिटांचा प्रवास. काचेच्या छोट्या ग्लासातला चहा आणि तिळाचं सिमित म्हणजे गोल कड्यासारखा पाव घेऊन डेकवर बसायचं, सीगल बोटीबरोबर उडत येतात, आणि जुन्या शहराचा एमिनोन्यू धक्का जवळ यायला लागला की आदल्या दिवशी बघितलेले घुमट एकेक करून ओळखता येतात. पैसे मोजून बोस्फरस क्रूझ घ्यायची गरजच नाही. इस्तंबूलकार्ट घ्या, ट्राम, मेट्रो, बस, फेरी सगळीकडे चालतं. शेवटच्या फेरीची वेळ मात्र रोज बघून ठेवा.

उरलेले दोन दिवस मी मुद्दाम भरत नाहीये. एक बझारच्या गल्ल्या आणि रुस्तेम पाशा मशिदीच्या टाइल्सना जाऊ दे, एक पूर्ण मोकळा.

आता मित्रांचं, कारण ट्रिप जागांमुळे क्वचित बिघडते, माणसांमुळे बिघडते. चौघंही चोवीस तास चिकटून राहू नका. रोज दुपारी तीन तास दोघं-दोघं किंवा एकटं फिरा, ज्याला म्युझियम हवं त्याने म्युझियम, ज्याला शॉपिंग हवं त्याने शॉपिंग, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या धक्क्यावर भेटा. मग जेवताना सांगायला प्रत्येकाकडे काहीतरी वेगळं असतं. पैशाचं टीटीएमएम तिथे करत बसू नका, पहिल्याच दिवशी सारखे पैसे काढून किटी करा, खाणं आणि तिकिटं त्यातून, रोज एकाने सांभाळायची. आणि ज्याचं बजेट सगळ्यात कमी आहे त्याला विचारून रोजचा खर्च ठरवा, तो स्वतःहून बोलणार नाही, तुलाच विचारायला लागेल. हे मी फार मनापासून सांगतेय.

तुमच्यातली एक शाकाहारी आहे म्हणालीस, तिचे हाल होणार नाहीत. एस्नाफ लोकान्तासी म्हणजे कामगार-दुकानदारांच्या खाणावळी शोधा, पदार्थ समोर मांडलेले असतात, बोट दाखवून घ्यायचे. मसूरडाळीचं सूप लिंबू पिळून, ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या, पालक किंवा चीज घातलेलं ग्योझ्लेमे म्हणजे पातळ भरलेली पोळी, दुकानात मिळणारं चिग कोफ्ते पण दलियाचं असतं, मांस नसतं त्यात. सूप आणि राजम्यासारख्या पांढऱ्या बीन्समध्ये मटणाचं पाणी असू शकतं, ते विचारून घ्या, एत्सिझ म्हणजे बिनामांसाचं, हा शब्द पाठ करून ठेवा.

सॅकच न्या, ट्रॉली नको, दगडी चढ आहेत सगळीकडे. पटकन काढता येणारे बूट, चांगले मोजे, आणि मुलींनी एक मोठी ओढणी सॅकमध्ये वरच ठेवायची. रस्त्यात बूटपॉलिशवाल्याचा ब्रश तुमच्यासमोर पडला तर उचलून द्यायला जाऊ नका, मग तो आभार म्हणून पॉलिश करतो आणि पैसे मागतो. आणि तक्सिमला कोणी फार गोड बोलून ओळखीच्या बारमध्ये चला म्हणालं तर सरळ नाही म्हणा, विशेषतः मुलांना सांग, तिथली बिलं भयानक असतात.

तिकीट काढायच्या आधी व्हिसा. आपल्या पासपोर्टवर ऑनलाइन ई-व्हिसा हवा असेल तर अमेरिका, यूके, आयर्लंड किंवा शेंगेन यातला चालू व्हिसा किंवा रेसिडन्स परमिट लागतं, नाहीतर आधी अर्ज करून स्टिकर व्हिसा घ्यावा लागतो, त्याला वेळ जातो. नियम बदलत असतात, सरकारी साइटवरच बघ, आणि तुमच्यापैकी कोणाकडे काय आहे ते मला कळव. विजापूरचा वीकेंड ठरला की नवीन शीट पाठव, मी वाचून देते.

तुझी,
ताई