कर्जाचा कागद मुलासमोर ठेवा

बार्शीच्या ताई, नमस्कार.

मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मेसचे पैसे संपले म्हणून त्याने मोबाइल ॲपवरून 8,000 रुपये उचलले. आता वसुलीवाले मामाला फोन करताहेत आणि तो म्हणतोय, ‘कॉलेज सोडून डिलिव्हरीचं काम करतो.’ त्याला पैशाचं वळण लावणारा एखादा कोर्स आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आधी हे कर्ज मिटवा. दुसऱ्या ॲपवरून उचलून पहिलं फेडणं आजपासून बंद. ॲपच्या मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली बँक किंवा वित्तसंस्था असेल, तर तिच्याकडून लेखी हिशेब मागा, देणं एकरकमी फेडा, ‘नो ड्यूज’ म्हणजे देणं उरलं नसल्याचा दाखला घ्या. त्रासाची तक्रारही तिथेच करा. 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. संस्थेचा पत्ताच लागत नसेल किंवा फोटोंवरून धमक्या येत असतील, तर 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि पोलिसांत जा. मामांना मात्र आजच खरं काय ते सांगून टाका. नोंदणीकृत संस्थेचं कर्ज थकवू नका, कारण ते सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतं आणि स्टेट बँकेच्या भरतीत कर्ज थकवलेला उमेदवार अपात्र ठरतो.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य: ‘डोक्याला ताप नको म्हणून शैक्षणिक कर्जाचं त्याला काही सांगितलं नाही.’ ताई, हे मला अजिबात पटलं नाही. त्या कर्जावर सही त्याची आहे. हप्ते उद्या त्यालाच भरायचेत.

तो घरी आला की मंजुरीपत्र काढा आणि हिशेब त्याच्याच हाताने करवून घ्या. तुम्ही लिहिल्याप्रमाणे दरवर्षी 1 लाख उचल, व्याज 10 टक्के, हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षाने. म्हणजे सरळव्याजाने पहिल्या लाखावर 5 वर्षांचे 50,000, दुसऱ्यावर 40,000, मग 30,000 आणि 20,000. पहिला हप्ता सुरू होईल तेव्हा 4 लाखांचे 5 लाख 40 हजार झालेले असतील. दरम्यान व्याज भरत गेलात तर हा बोजा चढत नाही. वर्ष वाया गेलं तर काय होतं, हेही त्यालाच मांडू द्या. कॉलेज सोडायचं की नाही, ते त्यानंतर बोला.

दुसरं, तो मागेल तेव्हा दोन-तीन हजार पाठवणं थांबवा. ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम द्या. परीक्षा फॉर्मची फी मात्र वेगळी ठेवा, ती मेसच्या पैशांत मिसळली की हमखास खर्च होते.

काम करायची त्याची इच्छा चांगलीच आहे. कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं असेल, तर विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी त्याला करू द्या. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती अडकली आहे म्हणता, तर आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेत तपासा. पैसे त्याच खात्यात येतात, आणि पुष्कळदा ते गावाकडचं, वापरात नसलेलं जुनं खातं निघतं.

राहिला कोर्स. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र पदवीच्या मुलांसाठी कार्यशाळा घेतं; कॉलेजकडे तशी मागणी करा. पण मंजुरीपत्राचं काम येत्या सुट्टीतच उरका.