वाचकांचे प्रश्न : जीडीपी वाढला, मग वीस तारखेलाच खातं रिकामं का?

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मिस्टर वागळे इस्टेटमध्ये नोकरीला आहेत, मी घरीच ट्यूशन घेते. टीव्हीवर सांगतात 2024-25 मध्ये जीडीपी साडेसहा टक्क्यांनी वाढला, मग ऑक्टोबर 2025 मध्ये महागाई पाव टक्क्यावर आली. आणि आमच्याकडे वीस तारखेनंतर भाजीवाल्याला क्यूआरवर पैसे देण्याआधी बॅलन्स बघावा लागतो. शेजारच्या काकू म्हणतात आकडे सगळे खोटे, मिस्टर म्हणतात आपल्यालाच घर चालवता येत नाही. नक्की कोणाचं खरं?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : ताई, आधी मिस्टरांचं म्हणणं बाजूला ठेवा. घर तुम्ही नीटच चालवताय. काकूंचंही पूर्ण बरोबर नाही, कारण हे आकडे कोणी घरी बसून बनवत नाही. पण जीडीपीला, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या सगळ्या वस्तू-सेवांच्या एकूण किमतीला, जे कधी विचारलेलंच नाही त्याचं उत्तर आपण त्याच्याकडून मागतोय, आणि टीव्हीवाले ते उत्तर दिल्यासारखं सांगतात, गोंधळ तिथे होतो.

तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो का? घोडबंदरच्या कितीतरी सोसायट्यांमध्ये येतो. सेक्रेटरी ग्रुपवर मेसेज टाकतो, पाणी सकाळी एक तास संध्याकाळी एक तास, आणि पुढच्या महिन्याच्या मेंटेनन्समध्ये टँकरचे पैसे वेगळे लागून येतात. ते पैसे जीडीपीत जमा होतात. नळाला पुरेसं पाणी आलं असतं तर तेच पैसे तुम्ही मुलांच्या पुस्तकांवर किंवा गावी जाण्यावर खर्च केले असते, ते पण जीडीपीतच गेले असते. म्हणजे त्या आकड्याला दोन्ही सारखंच, तुम्हाला मात्र अजिबात सारखं नाही. मिस्टर बाईकने जात असतील तर ट्रॅफिकमध्ये जळालेलं पेट्रोलही असंच तुमचा खर्च म्हणून मोजलं जातं, आणि माजिवड्याला अडकलेला वेळ मात्र कुठेच मोजला जात नाही. घरच्या कामाचंही तेच. 2024 च्या सरकारच्याच वेळ-वापर सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला 289 मिनिटं त्यात जातात असं निघालं, पुरुषांची 88, आणि जीडीपीत त्याची किंमत शून्य. सायमन कुझनेट्स म्हणून अर्थतज्ज्ञ होते, अमेरिकेचं राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत त्यांनीच बसवली, त्यांनी 1934 मध्येच तिथल्या संसदेला सांगून ठेवलं होतं की या आकड्यावरून लोक सुखात आहेत की नाही हे ठरवू नका. नव्वद वर्षं होऊन गेली, आपण अजून तेच करतोय आणि मला याचा खरंच राग येतो.

आता महागाई. ऑक्टोबर 2025 मध्ये 0.25 टक्के हा आकडा बरोबर आहे, 2012 पायाभूत वर्ष (ज्याच्या भावांशी तुलना करतात ते वर्ष) असलेल्या मालिकेतला तो सगळ्यात कमी. पण तो आला कसा बघा. ऑक्टोबर 2024 मध्ये खाण्यापिण्याची महागाई जवळजवळ 11 टक्के होती, त्या चढलेल्या भावाशी तुलना केली तर पुढच्या वर्षी भाजी स्वस्त दिसणारच, त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी कमी झाला होता. मग भाजी-डाळी खाली गेल्या आणि त्यांनी सगळी सरासरी खाली ओढली. शाळेची फी, डॉक्टर, घरभाडं हे काही खाली आलं नाही. आणि दर कमी झाला म्हणजे भाव जुने झाले असं नसतं, आधी जे चढलं ते बहुतेक तिथेच राहतं, फक्त पुढे चढायचं हळू होतं. अजून एक, घराचा ईएमआय या महागाईत धरतच नाहीत, घर म्हणून फक्त भाडं धरतात. घोडबंदरला ज्याने फ्लॅट घेतलाय त्याच्या पगाराचा सगळ्यात मोठा घास तर ईएमआयच खातो, मग त्याची महागाई या आकड्यात कुठून दिसणार? रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहरातल्या घरांना विचारते की तुम्हाला महागाई किती वाटते, तेव्हाही लोकांचं उत्तर 6 टक्क्यांच्या वरच होतं. तुम्हाला जे जाणवतंय ते तुमच्या एकटीचं नाहीये.

आणि सरासरीचं पण बघाच. 2022-23 च्या सरकारी खर्च सर्व्हेत शहरात माणशी महिन्याचा खर्च सरासरी 6459 रुपये निघाला. त्याच सर्व्हेत सगळ्यात खालच्या 5 टक्के लोकांचा 2001 आणि सगळ्यात वरच्या 5 टक्क्यांचा 20,824. एका बाजूला टॉवर, त्याच्या मागे चाळ, ठाण्यात आपण हे रोज बघतो, आणि सरासरी दोघांना एकच उत्तर देते.

प्रश्न : माझं जांभळी नाक्याजवळ छोटं दुकान आहे. दरवर्षी धंदा थोडा थोडा कमी होतोय. आम्ही या जीडीपीत असतो का?
— एक दुकानदार, ठाणे

उत्तर : असता काका, पण अंदाजाने. दर तीन महिन्यांनी आकडा काढायचा असतो, तेव्हा तुमच्या गल्ल्यापाशी कोणी येत नाही. मोठ्या कंपन्यांचे निकाल, जीएसटी अशा मिळणाऱ्या गोष्टींवरून छोट्यांचं किती झालं असेल ते धरतात. दोघं एकत्र वाढत असतील तर चालून जातं, पण गिऱ्हाईक तुमच्याकडून उठून मॉलला किंवा ऑनलाइन गेलं तर मोठ्याची वाढ तुमच्याही नावावर लागू शकते. नोटबंदीचं 2016-17 आठवा. त्या वर्षाची वाढ आधी 7.1 टक्के सांगितली होती, जानेवारी 2019 मध्ये ती 8.2 केली. बाजारपेठेत त्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काय हाल होते ते तुम्ही मला सांगायचं.

प्रश्न : मी रबाळे एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, महिन्यात कधी पंधरा दिवस काम कधी वीस. देशात बेरोजगारी 3.2 टक्केच आहे म्हणतात. मग मी कशात मोडतो? आणि आमच्यासारख्याने कुठला आकडा बघायचा?
— एक कामगार, रबाळे

उत्तर : दादा, तू रोजगार असलेल्यांमध्ये मोडतोस. तो 3.2 हा 2023-24 चा आकडा, त्यात वर्षभराचं काम बघतात, आणि चालू आठवड्याचा जो दुसरा हिशोब असतो त्यात तर आठवड्यात एक तास काम मिळालं तरी माणूस कामावर धरतात. घरच्या टपरीवर बिनपगारी बसणारा भाऊही कामावरच. त्यामुळे बेरोजगारी किती हे बघण्यापेक्षा पगार किती वाढला ते बघ.

आकडा कधी एकटा वाचू नकोस, त्याच्या शेजारी दुसरा ठेव. दादाभाई नौरोजींनी हेच केलं होतं. 1867-68 साठी त्यांनी काढलं की हिंदुस्थानात माणशी वर्षाचं उत्पन्न 20 रुपये, आणि शेजारी ठेवला तुरुंगातल्या कैद्याला जगवायचा खर्च, तो त्याहून जास्त निघाला. दोन आकड्यांत सगळं आलं. तसं तू जीडीपीच्या शेजारी तुझी रोजंदारी ठेव, खोलीचं भाडं ठेव.

आणि एक सरकारी आकडा तुझ्या खिशाशी थेट जोडलेला आहे तो सोडू नकोस. महाराष्ट्रात किमान वेतनावर जो विशेष भत्ता मिळतो तो औद्योगिक कामगारांच्या महागाई निर्देशांकावरून ठरतो आणि 1 जानेवारी, 1 जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. बऱ्याच कॉन्ट्रॅक्टरकडे पोरांना हे माहीतच नसतं. जानेवारीची आणि जुलैची पगाराची स्लिप काढून आधीच्या महिन्याशी लावून बघ, मूळ वेतन आणि विशेष भत्ता वेगळे दाखवलेत का ते पण बघ. स्लिप देतच नसतील तर ती लेखी माग. दर वाढूनही तुझा भत्ता तिथेच असेल तर आधी कॉन्ट्रॅक्टरला विचार, त्याने दिलं नाही तर किमान वेतन मिळवून द्यायची जबाबदारी ज्या कंपनीत तू काम करतोस तिच्यावर येते. चार-पाच जण मिळून ठाण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या, एकट्याने जाऊ नकोस.