ती लाल शेपटीची सापसुरळी आहे, सापाचं पिल्लू नाही

परभणीच्या ताईंनी विचारलंय: आखाड्यावर कडब्याच्या पेंढ्या काढताना चकचकीत अंगाचं, इवल्या पायांचं, लालभडक शेपटीचं काहीतरी निघालं. सासरे म्हणाले, पाय फुटलेलं सापाचं पिल्लू आहे, शेपटीत विष असतं, ठेचा. ते नेमकं काय?

ताई, वर्णनावरून ती ठिपकेदार सापसुरळी, तीही लहान वयाची. लाल शेपूट पिल्लांचीच. वाढत्या वयात रंग उतरतो. विष ना शेपटीत, ना दातात. भारतातली कुठलीच सापसुरळी विषारी नाही. कृपा करून ठेचू नका.

ओळखायचं तर पायांपेक्षा डोळा बघा. सापसुरळी डोळा मिटते. सापाला हलणारी पापणीच नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. डोळ्यामागे कानाचं छिद्र दिसलं की तो साप नाही. पोटाकडूनही कळतं: नाग, घोणस, धामण यांच्या पोटावर एकाखाली एक आडव्या रुंद पट्ट्या असतात, हिच्या पोटावर पाठीसारखेच बारीक खवले.

आता नात्याचं. साप, पाली, सरडे, सापसुरळ्या सगळे खवलेधारी या एकाच गणात येतात, त्यात 11,000 हून जास्त जाती आहेत. म्हणून नातं आहे हे खरं. पण जनुकांवरून मांडलेल्या वंशवृक्षात सापाच्या जवळ बसतात घोरपड आणि कुंपणावरचा सरडा; सापसुरळी लांब पडते. दिसायला सगळ्यात सापासारखी, तीच नात्यानं दूरची! पाय आखूड होणं, नाहीसे होणं हे या गणात वेगवेगळ्या घराण्यांत अनेकदा घडलंय, त्यामुळे नुसत्या रूपावर नातं ठरवता येत नाही. मगरीचंही तसंच. आज जिवंत असलेल्यांत तिचे सगळ्यात जवळचे नातेवाईक पक्षी आहेत, घोरपड नव्हे.

विषाची समजूत मला वाटतं शेपटीच्या वळवळण्यातून आली असावी. अंबाजोगाईकडे एका शेतात तुराट्या उचलताना माझ्यासमोर सापसुरळीनं शेपूट टाकली. तुकडा मातीत उड्या मारत राहिला, बाजूचा बोका त्यावरच झेपावला, आणि ती तेवढ्यात बांधाच्या दगडात शिरली. जागेवर रक्ताचा जेमतेम एक थेंब. शेपटीच्या मणक्यांत तुटायच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, आणि तुटताच स्नायू आकसून रक्त थांबवतात. शेपूट पुन्हा येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची कांडी असते. लाल रंगही याचसाठी: झडप डोक्यावर न पडता शेपटीवर पडावी.

कडब्यात उंदीर असतात, उंदरांमागे नाग-घोणस येतात, म्हणून पेंढी ओढण्याआधी काठीनं हलवा, पायात बूट घाला, अंधारात बॅटरी धरा. आणि लाल शेपटी दिसली तर दोन मिनिटं थांबा, ती आपणहून निघून जाते.